हातांचे वळण

कोकणच्या इतिहासावर आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी किल्ल्यांवर, आरमारावर, खोतीच्या तंट्यांवर आणि येथून बाहेर पडून कीर्ती मिळविलेल्या पुरुषांवर. हे विषय थोर आहेत यात शंका नाही, आणि त्यांवर लेखणी झिजविणाऱ्यांत आमचीही गणना होते. परंतु ज्या झापांच्या आडोशाने आमच्या पूर्वजांचे पावसाळे निभावले, ज्या सुंभाने त्यांची कुंपणे उभी राहिली, ज्या वातीच्या उजेडात त्यांची मुले शिकली, त्या झापांचा, सुंभाचा आणि वातीचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. कारण उघड आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. तो रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांना वाहिलेला आहे. असा ग्रंथ बाजारात आलेल्या वस्तूची नोंद घेतो. विजयदुर्गास गव्याच्या शिंगाच्या वस्तू होत, सावंतवाडीस लाखकाम होई, हे तो सांगतो. घरच्या पडवीत घरच्यापुरते जे वळले, विणले, शिवले गेले, त्यावर ना जकात बसली ना त्याची निर्यात झाली. म्हणून ते सरकारच्या दप्तरात आले नाही आणि दप्तरात नाही म्हणून आम्हा इतिहासलेखकांच्या दृष्टीस पडले नाही.

सुदैवाने मराठी भाषेने आपल्या परीने एक दप्तर राखले आहे. आपण दोरी वळतो, वाती वळतो, शेवया वळतो, लाडू वळतो. अक्षराला वळण असते आणि मुलांना ते लावावयाचे असते. एका क्रियापदात पीळ, गोलाई, सवय आणि संस्कार हे सारे सामावले आहे. ‘विणणे’ हे दुसरे क्रियापदही असेच ऐसपैस. कोष्टी वस्त्र विणतो, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळे विणतो, बाज काथ्याने विणतात. आणि लोकर व सुया घेऊन साहेबाची मडम आली तेव्हा तिच्या त्या अपूर्व कृतीसाठीही मराठीला नवा शब्द करावासा वाटला नाही. इंग्रजीत यांतल्या बहुतेक क्रियांना निरनिराळे शब्द आहेत. आमच्याकडे मात्र बुरडाची टोपली आणि वकीलसाहेबांच्या पत्नीने केलेले बाळाचे मोजे भाषेपुरते तरी एका पंक्तीला बसतात. ही समता भाषेबाहेर कितपत होती, हाच या लेखाचा विषय आहे.

रत्नागिरीत वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. ज्यांनी ते चार महिने जुन्या घरात काढले नाहीत त्यांना घरगुती हस्तव्यवसायाचे मूळ समजणे कठीण. लावणी झाली की शेतात कामे कमी, वाटा बंद, खाडीतून होड्या बंद, आणि माणसे पडवीत अडकलेली. अशा वेळी हात रिकामे ठेवणे हे आळसाचे लक्षण तर खरेच, पण त्याहूनही ते कंटाळ्याचे कारण. पावसाआधी झाप विणून ठेवलेले असत. नारळाची हिरवी झावळी मधल्या दांड्यावर उभी चिरावयाची, भिजवावयाची आणि मग एक पात वरून, एक खालून, अशी चटईसारखी गुंफत न्यावयाची. काम सोपे दिसते. पण पात ओढण्यात हात सैल राहिला तर झाप वाळल्यावर त्यातून आभाळ दिसते, आणि जास्त आवळला तर तो वाकडा होतो. गळून पडलेल्या झावळीचे हीर काढून खराटे बांधावयाचे. सोडणे खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजत घातलेली असत; ती काढून, मोगरीने बडवून, धुऊन, वाळवून त्यांचा काथ्या निघे. तो काथ्या पावसाळ्यात मांडीवर किंवा दोन तळहातांत वळून त्याचे सुंभ होई. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने स्वतः सुंभ वळलेले असले पाहिजे. पिळाचे मर्म तळहातालाच कळते: एकेक पदर ज्या दिशेने पिळला त्याच्या उलट दिशेने दोन पदर एकमेकांवर चढविले म्हणजे दोहोंची सुटण्याची ओढ परस्परांना धरून ठेवते. हे यंत्रशास्त्र आमच्या गड्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

या कामांत आनंद होता काय? आमच्या पिढीतील काही लेखक गतकाळाच्या प्रेमात इतके बुडालेले असतात की त्यांना जुन्या घरातील प्रत्येक कष्टात कविता दिसते. आम्ही तसे म्हणणार नाही. बाराही महिने दुसऱ्याच्या अंगणात सुंभ वळणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडत, आणि त्या घट्ट्यांवर कविता करण्याचा अधिकार त्याचाच आहे. तरीही ज्यांनी पडवीतील ती दुपार पाहिली आहे त्यांना हेही ठाऊक आहे की चार हात एका लयीत चालू लागले म्हणजे तोंडे मोकळी होत; वर्षभर न बोललेली भावंडे बोलत, कोडी घातली जात, गावातील लग्ने जुळत आणि मोडत. आमच्या आजीच्या समजुतीप्रमाणे सुंभ वळताना सांगितलेली भुताची गोष्ट कधीच खोटी नसे. कामाचा आणि मनोरंजनाचा असा भेदच तेथे नव्हता; तो भेद आपण घड्याळाबरोबर शिकलो.

पत्रावळीची गोष्ट थोडी निराळी, कारण ती लहान मुलांचीही विद्या होती. वडाची वा पळसाची पाने गोळा करावयाची, बांबूच्या बारीक चोया काढावयाच्या आणि गोल धरून एकेक पान टाचत जावयाचे. पत्रावळ ‘शिवत’ नाहीत, ‘लावतात’, बागेतील झाडाप्रमाणे. साने गुरुजी हे दापोली तालुक्यातील पालगडचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले, १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, आणि त्यातील एक पूर्ण रात्र त्यांनी पत्रावळीला दिली. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, त्यावरून घरात त्याची कानउघाडणी होते, तो रुसतो आणि अखेर शिकतो. मराठी वाचक या पुस्तकात अश्रू शोधतात. आम्हांस त्यातील ही रात्र त्याहून मोलाची वाटते. मुलाचा रुसवा जातो तो उपदेशाने नव्हे, पत्रावळ जमू लागल्याने. जी गोष्ट काल येत नव्हती ती आज हाताला आली, यासारखे सुख मुलाला दुसरे नाही. आणि आमच्या अनुभवाप्रमाणे पन्नाशीतील माणसालाही नाही.

आता जरा अवघड भागाकडे वळू. हाताच्या कामाचा हा आनंद सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. ज्या घरांत मुंजी होत त्या घरांतील पुरुष कापूस हातात घेई तो जानव्यासाठी. चातीवर सूत कातावयाचे, चार बोटांभोवती त्याचे ९६ वेढे घ्यावयाचे, ते तिहेरी करून पीळ द्यावयाचा, पुन्हा तिहेरी करावयाचे आणि ब्रह्मगाठ मारावयाची. हे सूक्ष्म व कुशल काम आहे, आणि करणारा ते मोठ्या अभिमानाने करी. परंतु तोच गृहस्थ त्याच सुताचे पंचे विणून बाजारात बसला असता तर त्याच्या घरच्या पंक्तीला कोण बसले असते, हा प्रश्न आहे. हाताची हालचाल तीच. एकीला कर्म म्हटले, दुसरीला धंदा. बुरडाने सूप, रोवळी, कणगी करावी आणि त्याच्या सुपात पाखडलेले तांदूळ साऱ्या गावाने खावेत, पण त्याला मात्र अंगणाच्या कडेला उभे ठेवावे, हे आमच्या गावगाड्याचे गणित होते. बांबूचा सांगाडा करून त्यावर पानांचे आच्छादन घातलेले इरले, जे डोक्यावर घेऊन आमची कुळे वाकून लावणी करीत, ते करणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. जातिभेदाने कामाची वाटणी केली एवढेच नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचेच एकावर एक थर रचले आणि मनुष्याची आवड विचारातच घेतली नाही, असे त्यांनी १९३६ साली निक्षून मांडले. हस्तकौशल्याच्या आनंदावर लिहिणाऱ्याने हा आक्षेप बाजूस ठेवून पुढे जाणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. आवडीने केलेले आणि जन्माने लादलेले काम बाहेरून एकसारखे दिसते, आतून नाही.

स्त्रियांच्या बाबतीत लादणे आणि आवड यांची सरमिसळ अधिकच गुंतागुंतीची. चातुर्मासात लक्षवातींचा नेम असे. रोज तीनशे वाती वळल्या तरी लाखास अकरा महिने लागतात. यावरून त्या नेमाचा आवाका ध्यानी यावा. कोकणात कापूस पिकत नाही. तो विकत आणावयाचा, सरकी काढावयाची, पिंजावयाचा, आणि मग राखेचे बोट लावून मांडीवर वात वळावयाची. सवाष्णींना ही पुण्याची करमणूक होती. परंतु त्याच माजघरात कोपऱ्यात बसून वाती, फुलवाती, कापसाची वस्त्रे करणारी एक लाल आलवणातील बाई असे. तिच्या वाती साऱ्या घराला पुरत, शेजारी जात, कधी चार आणेही मिळवून देत. तिला त्या कामात समाधान लाभत असेल, नव्हे, बहुधा लाभतच असेल, कारण दिवसाच्या चोवीस तासांत तिच्या मालकीचे असे तेवढेच काही होते. पण ते समाधान पाहून ज्यांना ही व्यवस्था गोड वाटली त्यांच्याशी आमचे जमणार नाही.

अशा बाईंपैकीच एक देवरुखच्या गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा हीच. पुढे १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या बाया कर्वे झाल्या. कर्वे स्वतः दापोलीजवळच्या मुरूडचे. हिंगण्याचा आश्रम सर्वांस ठाऊक आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या पिढीच्या प्रत्येक स्त्रीसंस्थेने पुस्तकाबरोबर हाताचे काम ठेवले. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात माग, शिवण, छपाई, शेती होती. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, जे १९०९ साली निघाले, शिवणकामाचे वर्ग होते. माजघरात जे काम वैधव्याची खूण होते तेच येथे स्वतःच्या पोटाची तजवीज बनले. सुई तीच, पण सुईच्या दुसऱ्या टोकाला मोबदला आला आणि त्याबरोबर मान आला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पुण्यात १८८४ साली मुलींची इंग्रजी शाळा, म्हणजे हुजूरपागा, निघाली. त्यानंतर तीन-चार वर्षांतच टिळकांच्या पत्रांनी तिच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींना इंग्रजी विद्येपेक्षा गृहोपयोगी शिक्षण द्यावे, त्यात शिवणकाम यावे, असा त्या टीकेचा रोख होता. टिळक रत्नागिरीत जन्मलेले, आणि या गावात त्यांच्याविषयी पूज्यभाव नसलेले घर सापडणार नाही, आमचेही नाही. तथापि सुईचा उपयोग पुस्तक दूर ठेवण्यासाठी करावा हा विचार आम्हांस तेव्हाच्या काळाचा हिशोब धरूनही पटत नाही. त्याच वेळी दुसरा पक्ष सुई आणि पुस्तक दोन्ही एका हाती देत होता, हे पाहिले म्हणजे वाद सुईचा नव्हताच असे दिसून येते.

आता लोकरीच्या विणकामाकडे येऊ, कारण हस्तकौशल्याचा छंद म्हटला की सुशिक्षित घरांत प्रथम आठवते ते हेच. दोन सुयांवर एका सलग धाग्याचे फास एकमेकांत अडकवून वस्त्र करण्याची ही कला वाटते तितकी पुरातन नाही. तिचे जुन्यातले जुने नमुने इजिप्तमध्ये सापडतात, तेही सुताचे. निळ्या-पांढऱ्या मोज्यांचे ते तुकडे सातआठशे ते हजार वर्षांपूर्वीचे समजले जातात. अरबांच्या मार्फत ती स्पेनमध्ये गेली. तेथे तेराव्या शतकातील एका राजपुत्राच्या थडग्यात अतिशय नाजूक विणीच्या उश्या मिळाल्या आहेत. पुढे युरोपात मोजे विणणे हा पुरुषांच्या संघांचाही व्यवसाय झाला. १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र काढले, आणि हातांनी विणणाऱ्या गरिबांचा घास जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली अशी आख्यायिका आहे. यंत्र थांबले नाही. १८११ साली नॉटिंगहॅमकडील कारागिरांनी चौकटी फोडल्या त्या याच यंत्राच्या वंशातील. म्हणजे विणकाम छंद झाला तो त्याचा धंदा बुडाल्यावर. हा नियम पुष्कळ कलांना लागू पडतो. घोडा वाहतुकीतून गेला तेव्हा तो खेळात राहिला. डिकन्सच्या कादंबरीतील मादाम दफार्ज गिलोटिनखाली जावयाच्या लोकांची नावे आपल्या विणीत गुंफते. आमच्या विद्यार्थिनींना तो भाग शिकविताना असे दिसते की सुयांचा तो खडखडाट त्यांना भीषण वाटण्याऐवजी घरगुतीच वाटतो, कारण त्यांनी तो आजीकडे ऐकलेला असतो.

हिंदुस्थानात ही विद्या आली ती युरोपीय कुटुंबांबरोबर आणि मिशनच्या शाळांबरोबर. रत्नागिरी जिल्ह्याचा या दोहोंशी संबंध फार लवकर आला. दापोलीस लष्करी छावणी होती, म्हणून आजही तिला कॅम्प दापोली म्हणतात; आणि १८२३ पासून बाणकोट व हर्णै येथे स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा चालविल्या. परंतु आमच्या मध्यमवर्गीय घरांत सुया रुळल्या त्या पुष्कळ नंतर, मुलींच्या शाळांतून आणि मासिकांत येणाऱ्या नमुन्यांवरून. दोन सुलट, दोन उलट, एक टाका सोडा, धागा पुढे घ्या: स्वयंपाकाच्या पुस्तकाशिवाय मराठी स्त्रीने वाचलेले हे पहिले तांत्रिक गद्य म्हणावयास हरकत नाही. त्याला व्याकरण होते, संक्षेप होते, आणि एका ओळीत केलेली चूक दहा ओळींनी उघडकीस येई.

यात एक मौज आहे तिकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. रत्नागिरीत थंडी म्हणण्यासारखी पडत नाही. पौषातल्या पहाटेही येथे पातळ चादर पुरते. मग येथे लोकर कशासाठी? बाळाचे टोपरे आणि मोजे एवढे सोडले तर येथे विणलेले बहुतेक सारे दुसऱ्या गावासाठी होते: पुण्यास शिकणाऱ्या मुलासाठी बंडी, दिल्लीस नोकरी लागलेल्या जावयासाठी स्वेटर, आणि पुढे पुढे परदेशी गेलेल्या नातवासाठी कानटोपी. ज्या थंडीचा अनुभव नाही तिचा अंदाज करून, ज्या देहाचे माप वर्षभर घेतलेले नाही त्याच्यासाठी विणावयाचे. कोकण हा शेकडो वर्षे माणसे बाहेर धाडणारा प्रदेश. मुंबईच्या गिरण्यांना या जिल्ह्याने जितकी माणसे दिली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याने दिली असतील. त्यांच्या मनीऑर्डरीवर येथील चुली चालल्या. गिरणीतल्या मागावर उभा असलेला मनुष्य घरी काथ्या वळणारा होता, ही गोष्ट सोडूनच द्या. तो गावाहून जाताना सांदणे, पोहे, कोकमे यांबरोबर हाताची एखादी वस्तू नेई. शिकलेल्या घरांत त्या वस्तूची जागा लोकरीने घेतली एवढेच. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुट येथील वेढ्यात अडकून पडल्या. त्यांत आमच्या जिल्ह्याची माणसे होती. तिकडची थंडी हाडे फोडणारी. मुंबईत त्या वर्षांत गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी सैनिकांसाठी कपडे करून धाडले. उष्ण किनाऱ्यावरच्या बायकांनी न पाहिलेल्या वाळवंटातील हिवाळ्यासाठी सुया चालवाव्यात, यात थोडे हास्यास्पद आणि पुष्कळसे हृदयस्पर्शी असे काही आहे.

लोकरीच्या विणीत एक गुण असा आहे की तो शिवणीत नाही आणि सुतारकामात तर नाहीच. ती उसवता येते. धाकट्या भावाचा स्वेटर उसवून, लोकर धुऊन, गुंडा करून तिची भाचीसाठी बंडी होते. कात्री लागली म्हणजे कापड परत जुळत नाही. येथे मात्र सगळी चूक धाग्यापर्यंत परत नेता येते. काटकसरी घरांना ही सोय वाटली, आणि आमच्या मते हीच या छंदाच्या लोकप्रियतेची किल्ली आहे. रुखवतातील मण्यांचे पोपट, काचेच्या नळ्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल यांच्याबद्दल आम्हांस तेवढा आदर नाही हे कबूल केले पाहिजे. त्यात कौशल्य असते, पण ते वरपक्षाच्या बायकांनी नावे ठेवू नयेत या धास्तीने केलेले असते. आणि लग्नानंतर ते काचेच्या कपाटात जाते.

विसाव्या शतकात हाताच्या कामास तत्त्वज्ञान मिळाले. इंग्लंडात रस्किन आणि मॉरिस यांनी यंत्रयुगाविरुद्ध कारागिराची बाजू मांडली होती. रस्किनचे पुस्तक १९०४ साली गांधीजींच्या हाती पडले, आणि पुढे टकळी व चरखा हे देशाचे चिन्ह झाले. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेने हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना पुढे मांडली. आम्ही ज्या शाळेत शिकलो तेथपर्यंत तिचा शेवटचा ओहोळ पोहोचला होता: आठवड्यातून एकदा टकळीचा तास, आणि सूत न निघाल्यास गुण कमी. ज्या कामाला आनंद म्हणून घरी कोणी हात लावला असता ते वेळापत्रकात बसविल्यावर शिक्षा झाली. हा दोष कल्पनेचा नव्हे, तिच्या सरकारी अवताराचा. पण दोष होता.

त्या विचाराचा खरा कस रत्नागिरीच्याच एका माणसाने लावला. आप्पासाहेब पटवर्धन उच्चविद्याविभूषित, ब्राह्मण कुळातले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली आणि ती नाकारली गेली तेव्हा उपोषण आरंभिले. येरवड्यास असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले. पुढे कणकवलीस गोपुरी आश्रमात त्यांनी मेलेल्या गुराचे कातडे सोडविण्याचे काम स्वतः हाती घेतले. जानव्याचे सूत आणि कातड्याची सुरी यांच्यामधील अंतर इतक्या सरळपणे कापणारा दुसरा मनुष्य आम्हांस कोकणच्या इतिहासात दिसत नाही. लोकांनी त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हटले आणि त्यांचा मान राखला. सुरी मात्र फार थोड्यांनी उचलली. सुशिक्षिताला हाताचे काम आवडते ते सुती, लोकरी, सुगंधी असेल तोपर्यंत.

सावंतवाडीची हकीकत त्यामानाने आनंदाची आहे. तिसरे खेम सावंत (१७५५ ते १८०३) यांच्या कारकिर्दीत तेथे गंजिफाच्या खेळाला आणि लाखकामाला राजाश्रय मिळाला. दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने; प्रत्येक अवताराची बारा. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, त्यांवर खडूचा लेप द्यावयाचा, घोटावयाचे, चित्र काढावयाचे आणि लाखेचा हात मारावयाचा. छापील पत्ते आले आणि एकाच पानावर दिवस घालविणारा चितारी मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या जाणणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी पुंडलीक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७० नंतरच्या वर्षांत राजवाड्यातच कारखाना घातला. राणीने चितारआळीतील म्हाताऱ्याची शिष्या व्हावे, ही घटना आम्हांस वाड्यातील कोणत्याही राज्यारोहणापेक्षा महत्त्वाची वाटते. त्या पानांनी आज कोणी फारसे खेळत नाही. ती भिंतीवर लावतात. पण करणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हाताला अवतारांचे वळण बसले आहे आणि त्यावर त्यांची उपजीविका होते.

आमच्या गावात काथ्याच्या सुंभाची जागा नायलॉनने, झापांची निळ्या मेणकापडाने आणि पत्रावळीची यंत्राने दाबलेल्या ताटलीने घेतली. त्याबद्दल गळा काढावा असे नाही; मेणकापड गळत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत एक चमत्कारिक उलथापालथ दिसते. ज्यांच्या आज्यांनी झाप विणणे हलके काम म्हणून कुळांकडे सोपविले, त्यांची नातवंडे शहरातून सुटीत येऊन ते शिकवील असा कोणी मिळतो का म्हणून विचारतात.

आमच्या महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी असाच एक वर्ग भरविला. गावाबाहेरच्या वाडीतील साठी उलटलेल्या एका गृहस्थांना बोलावले. खुर्ची दिली तर ते बसेनात. जमिनीवर फतकल मारली, झावळी चिरली आणि मुलांना जवळ घेऊन बसविले. “काका, हे इतके घट्ट ओढायचे का?” असे एकीने विचारले तेव्हा त्यांनी उत्तर न देता तिच्या हातावर हात ठेवून पात ओढून दाखविली. तीन तासांत पंधरा मुलांचे मिळून चार झाप झाले. त्यांतले दोन उभे राहण्याजोगे. पुढे त्यांना पैसे देण्याची वेळ आली तेव्हा कचेरीत अडचण उभी राहिली. व्याख्यात्याच्या बिलाला ‘मानधन’ हे शीर्षक होते, बागेतील गड्याच्या बिलाला ‘मजुरी’. यांना कोणत्या रकान्यात घालावे? कागद दोन दिवस फिरला. अखेर ‘मानधन’ असे लिहून तो मंजूर झाला; रक्कम मात्र मजुरीचीच राहिली.